लिव्हरपेक्षा उजळ

गौलीगुडा, हैदराबाद
१२ मार्च २०२५

वृषाली बेटा,

पाकिटात दोन सीडी आहेत आणि दोन्ही रिपोर्टच्या झेरॉक्स. सीडी वाकू नयेत म्हणून वहीचे पुठ्ठे घातलेत. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मला रडू येतं, आणि मी रडायला लागले की तू डॉक्टरसारखी बोलायला लागतेस. जामबागेतल्या शाळेत एकतीस वर्षं मुलांना पत्रलेखन शिकवलं, तेव्हा कागदावर तरी मी नीट वागेन.

लिम्फोमाचं तुला माहीत आहेच. सहा केमो जानेवारीत संपल्या, ह्यांनी गल्लीत पेढेही वाटले. गेल्या आठवड्यात शेवटचा स्कॅन झाला. बाकी सगळ्या गाठी गेल्या म्हणतात, पण पोटातली एक, कण्याजवळची, अजून उजळ दिसते. लिव्हरपेक्षा उजळ. डिसेंबरच्या स्कॅनमध्ये तिचा उजळपणाचा आकडा ३.४ होता, आता ४.४ आहे. पाच पायऱ्या असतात म्हणे, पाचवी सगळ्यांत वाईट, त्यातली मी चौथीवर.

डॉक्टर म्हणाले, आजार परत डोकं वर काढतोय. आता जास्त कडक केमो, आणि ती सोसली तर स्टेम सेलचं प्रत्यारोपण. २५ तारखेला भरती व्हायचंय. मी विचारलं, "गाठीचा तुकडा काढून बघणार नाही का?" म्हणाले, "जागा खोल आहे, सुई घालणं अवघड. आणि आकडा वाढलाय, मग थांबायचं कशाला?"

तेव्हापासून घरात बसवत नाही. काल ब्लाउजपीस आणायला म्हणून सुलतान बाजारात गेले. तीन दुकानांत तागे उलगडायला लावले आणि तिन्ही दुकानांतून काही न घेता उठले. तिसरा दुकानदार म्हणाला, "अम्मा, होना क्या तुमकू?" मलाच ठाऊक नाही तर त्याला काय सांगू?

मला एवढंच सांग. माझ्या गाठीची माझ्याच लिव्हरशी तुलना का करतात? आणि तुला त्या सीडीत काय दिसतं?

तुझी
आत्या

•

नागपूर
१५ मार्च २०२५

आत्या,

पाकीट मिळालं. सीडी शाबूत आहेत.

लिव्हरचं सांगते. स्कॅनच्या आधी तुला जे इंजेक्शन देतात ती एक प्रकारची साखरच असते, तिला किरणोत्सर्गी खूण चिकटवलेली. ज्या पेशी अधाशी असतात त्या ती जास्त ओढतात आणि चित्रात उजळ दिसतात. पण उजळ म्हणजे किती उजळ? त्याला काहीतरी माप हवं. लिव्हर मोठं असतं आणि बहुतेक माणसांत ते बऱ्यापैकी एकसारखं उजळतं, म्हणून तेच माप धरतात. गाठ त्याहून फिकी असली तर चांगलं, उजळ असली तर शंका.

मी हल्ली स्कॅनचे रिपोर्ट लिहीत नाही. कॉलेजात विद्यार्थ्यांना शिकवते. सीडी आमच्या विभागातल्या एका अनुभवी डॉक्टरांना दाखवते आणि ते काय म्हणतात ते कळवते.

जेवत जा. काकांना नमस्कार.

वृषाली

•

गौलीगुडा
१८ मार्च २०२५

वृषाली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. लिव्हरचं समजलं. शेवटचं मात्र समजलं नाही.

अनुभवी डॉक्टर हैदराबादेतही आहेत. परक्याचं मत मला विकत मिळतं. तू एमडी झालीस तेव्हा आपल्या घरात पहिल्यांदा कोणीतरी डॉक्टर झालं म्हणून मी वर्ग सोडून स्टाफरूममध्ये नाचले होते. आता आत्यावर वेळ आली तर तू सीडी दुसऱ्याच्या टेबलावर ठेवतेस. मोठी झालीस, कामं असतील. पण "हल्ली लिहीत नाही" म्हणजे काय? स्वयंपाकीण म्हणते का, हल्ली मी चव घेत नाही?

सात दिवस राहिले. आज सकाळी बस स्टँडवर जाऊन मिळाली त्या बसमध्ये बसले. मेहदीपट्टणमला उतरले आणि परतीची बस धरून आले. ह्यांना सांगितलं, देवळात गेले होते.

नको असेल बघायचं तर तसं लिही. वाईट वाटेल, पण वाट तरी बघणार नाही.

आत्या

•

नागपूर
२० मार्च २०२५

आत्या,

हे कुरियरने पाठवते आहे, उद्या मिळेल. तुझ्या पत्रानंतर विभागाचं दार लावून दोन्ही स्कॅन स्वतः पाहिले. सलग चार तास. मग पुन्हा एकदा.

आधी एक प्रश्न, आणि याचं उत्तर सरळ दे. डिसेंबरच्या स्कॅनच्या फॉर्मवर तुझं वजन बहात्तर किलो लिहिलंय आणि मार्चच्या फॉर्मवर चौऱ्याण्णव. तीन महिन्यांत बावीस किलो वाढलं का?

का विचारते ते ऐक. चित्रातला तो आकडा यंत्र नुसतं मोजत नाही, त्यात तुझं वजन गुणून काढतं. तेवढंच औषध बारीक माणसात आणि जाड माणसात वेगवेगळं पसरतं, म्हणून. फॉर्मवर वजन कमी लिहिलं, तर शरीरातला प्रत्येक आकडा तेवढ्याच प्रमाणात कमी येतो. तुझ्या मार्चच्या स्कॅनमध्ये फक्त गाठ वाढलेली नाही. प्लीहेचा आकडा वाढलाय, हृदयातल्या रक्ताचा वाढलाय, मांडीच्या स्नायूचासुद्धा. सगळं जवळजवळ तीस टक्क्यांनी. आजार असा सगळ्या शरीरात एकाच मापाने वाढत नाही. बहात्तरच्या जागी चौऱ्याण्णव घालून मी डिसेंबरचे आकडे पुन्हा काढले. गाठ तेव्हाही ४.४ होती. ती वाढलेली नाही.

फक्त एकच अवयव उलटा गेलाय. लिव्हर. सगळं वर गेलं आणि ते खाली आलं. त्याच स्कॅनमधल्या सीटीत ते प्लीहेपेक्षा काळपट दिसतंय, म्हणजे त्यात चरबी भरली आहे. आधीची थोडी असेल, त्यात केमोबरोबरच्या स्टिरॉइडच्या गोळ्यांची भर पडली. चरबी भरलेलं लिव्हर कधी कधी फिकं दिसतं. मग गाठ आहे तेवढीच राहिली तरी त्याच्याशेजारी उजळ वाटते. तू तिसऱ्या पायरीवरून चौथीवर गेलीस ती अशी.

पण गाठ नाहीशी झालेली नाही, हेही तितकंच खरं. घाई करू नकोस. वजनाचं कळव.

वृषाली

•

गौलीगुडा
२२ मार्च २०२५

वृषाली बेटा,

सरळ उत्तर मागितलंस म्हणून देते. हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही.

पहिल्या स्कॅनच्या दिवशी हॉलमध्ये वीसेक माणसं बसली होती. आतून एक माणूस फॉर्म घेऊन दारात आला आणि तिथूनच ओरडला, "अम्मा, वजन कित्ता?" समोरच्या खुर्चीवर माझी जुनी विद्यार्थिनी प्रणिता बसली होती, सासूला घेऊन आलेली. मला बघून उठून उभी राहिली, पाया पडली. तिच्या डोळ्यांत मी अजून वर्गात उभी असलेली बाई होते. माझ्या तोंडून बहात्तर निघालं. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा तेवढं होतं. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, हसला आणि लिहिलं. दुसऱ्या वेळी त्यांनी जुन्या फॉर्मवरून तोच आकडा उतरवला. मी बघितलं आणि गप्प बसले. या वेळी नवी मुलगी होती. काट्यावर उभी केल्याशिवाय सोडेना. "पर्वालेदु अम्मा, काही हरकत नाही, इकडे कोणी बघत नाही," म्हणाली, आणि मी उभी राहिले.

बघ, एवढीशी गोष्ट. आणि त्यावरून मला दीड महिना दवाखान्यात डांबणार होते!

तुझं पत्र वाचलं आणि खुर्चीत बसले ती अर्धा तास उठलेच नाही. कित्येक दिवसांनी पाय स्वस्थ राहिले. गाठ वाढलेलीच नाही. लिव्हर फिकं म्हणून ती उजळ. मी तर काल रात्रीपासून तूप बंद केलंय. लिव्हर सुधारलं की सगळं आपसूक जागेवर येईल.

२५ तारखेला मी जाणार नाही. डॉक्टरांकडे फोन करून सांगितलं, माझी भाची त्यातली मोठी डॉक्टर आहे, तिने बघितलंय, काही नाही. हे चिडलेत. चिडू देत. तू जीव वाचवलास माझा.

तुझी
आत्या

•

नागपूर
२४ मार्च २०२५

आत्या,

काही नाही, असं मी म्हटलेलं नाही. माझं पत्र पुन्हा काढून वाच. गाठ वाढलेली नाही, एवढंच मी लिहिलं. ती मेलेली आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. जखम भरतानाची सूज असू शकते, आजारही असू शकतो. चित्रावरून हे सांगता येत नाही. सुईने तुकडा काढल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.

कडक केमो लगेच नको, हे मलाही पटतं. पण तुकडा तपासायलाच हवा. जागा अवघड आहे, अशक्य नाही. सीटी बघत पाठीतून सुई घालतात. मी तुझ्या डॉक्टरांना आकड्यांचं सगळं स्पष्टीकरण लिहून पाठवलंय. त्यांना भेट.

तू फोन उचलत नाहीस. उचल.

वृषाली

•

गौलीगुडा, हैदराबाद
१९ एप्रिल २०२५

चि. वृषालीस,

मी हणमंतराव, तुझे काका. पत्र लिहायची सवय नाही. वीज खात्यात चाळीस वर्षं टिपणं लिहिली, त्यातलंच एक समज.

तुझ्या आत्याने तुझं २४ तारखेचं पत्र वाचलं, घडी केली आणि कपाटात टाकलं. डॉक्टरांचा दोनदा फोन आला. तुझे कागद त्यांना मिळालेत. त्यांनी चूक मान्य केली, आणि सुईच्या तपासणीला बोलावलं. ही म्हणते, "आधी आकडा चुकला, आता सुई चुकेल. मी बरी आहे." सकाळ-संध्याकाळ चालते. उकडलेलं खाते. घरात आली की इकडच्या खोलीतून तिकडच्या खोलीत. मी विषय काढला की चप्पल घालून बाहेर.

परवा मी जरा आवाज चढवला. तेव्हा म्हणाली, "वृषालीने मला आशा दिली आणि दुसऱ्याच पत्रात काढून घेतली. दिलीच कशाला?"

माझं ती ऐकत नाही. कधी ऐकलंही नाही, ती तक्रार नाही. पण तुझं ऐकेल. काय लिहायचं ते तुला माहीत. लवकर लिही.

आशीर्वाद.

•

नागपूर
२२ एप्रिल २०२५

आत्या,

तू विचारलं होतंस, हल्ली लिहीत नाही म्हणजे काय. त्याचं उत्तर मी टाळलं. आज देते.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे प्रतापराव नावाचे गृहस्थ आले होते. वर्ध्याचे, शिक्षक, तुझ्यासारखेच. वजन शंभराच्या वर. लिम्फोमाचे उपचार संपलेले, छातीत एक छोटी जागा उजळ राहिलेली. लिव्हरमध्ये चरबी होती आणि ते फिकं पडलं होतं. मला ते लक्षात आलं, याचा मला अभिमान वाटला. इतर कोणाच्या लक्षात आलं नसतं. मी रिपोर्टमध्ये लिहिलं की लिव्हर फिकं असल्याने ही जागा उजळ भासते, आजाराची शक्यता कमी, सहा महिन्यांनी पुन्हा पाहावं. त्यांच्या डॉक्टरांनी माझं मानलं. प्रतापराव माझ्या टेबलावर संत्र्यांची पिशवी ठेवून गेले.

सातव्या महिन्यात ते परत आले तेव्हा आजार फुफ्फुसात होता. दिवाळीच्या आधी गेले.

नंतर त्यांच्या पत्नी आल्या. भांडायला नाही. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मॅडम, तेव्हाच तुकडा काढला असता तर कळलं असतं का?" मी म्हटलं, सांगता येत नाही. खोटं बोलले आत्या. कळलं असतं.

लिव्हरबद्दल मी लिहिलेलं खरं होतं. आजही ते बरोबरच आहे. ते खरं असूनही गाठीत आजार होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि माणसाच्या बाबतीत मी ते विसरले. त्यानंतर मी एकाही रिपोर्टवर सही केली नाही. पेन उचललं की हात थांबतो. म्हणून तुझी सीडी दुसऱ्याला द्यायला निघाले होते. तू दूरची वाटलीस म्हणून नाही.

आणि मग तुझे आकडे सापडल्यावर मी त्याच आनंदात ते पत्र लिहिलं. शेवटी दोन ओळींत सावध केलं आणि समजले की झालं. तू आशा धरलीस यात तुझी चूक नाही.

काका म्हणतात, सुई चुकेल असं तू म्हणतेस. चुकू शकते. तरी घाल. मी त्या दिवशी तिथे असेन. रजा टाकली आहे. तारीख तू ठरव. तू नाही ठरवलीस तरी मी येऊन तुमच्या बाहेरच्या खोलीत बसणार आहे.

वृषाली

•

गौलीगुडा
१६ मे २०२५

वृषाली,

तू परत गेलीस आणि तिसऱ्या दिवशी सुईच्या तपासणीचा निकाल आला. फोनवर तुला नुसता निकाल सांगितला आणि ठेवून दिला. म्हणून लिहिते.

गाठ जिवंत आहे. तुकड्यात त्याच आजाराच्या पेशी सापडल्या. थोड्या, पण जिवंत.

डॉक्टरांसमोर मी म्हटलं, "म्हणजे तुमचा रिपोर्ट बरोबर होता." ते म्हणाले, "नाही मॅडम. आकडा चूक, पायरी चूक, आणि आजार खरा." इतकं सरळ बोलणारा डॉक्टर मी पहिल्यांदा बघितला. म्हणाले, घाईने कडक केमो दिली असती तर तुमच्या हृदयाला सोसली नसती. हृदयाची तपासणी केली, आधीच्या औषधांनी त्याची ताकद कमी झाली आहे. स्टेम सेल जमणार नाही. पण आजार एकाच जागी आहे, वाढलेला नाही, म्हणून तिथे किरणांचा उपचार देऊ शकतात. वीस वेळा. २ जूनपासून.

सुई घालताना मी पालथी पडले होते आणि तू शिशाचा कोट घालून माझ्या डोक्याशी उभी होतीस. तुझा हात गार पडला होता. मला वाटलं होतं डॉक्टरांना भीती वाटत नाही. खरं सांगू, तुला भीती वाटते हे बघून माझी थोडी कमी झाली.

मला राग आलाय. तुझा नाही. महिनाभर मी उकडलेल्या भाज्या खाल्ल्या आणि रस्ते झिजवले, आणि ती गाठ आत बसून होती. मला जे ऐकायचं होतं तेवढंच मी तुझ्या पत्रातून उचललं. मुलांना मी उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं लिहायला शिकवायचे. पहिला नियम, उताऱ्यात नसलेलं लिहायचं नाही.

एक काम केलं. ह्यांना घेऊन स्कॅनच्या सेंटरला गेले. मॅनेजरला भेटून वजनाचं सगळं सांगितलं, मी खोटं बोलले तेही आणि कुठे उभं करून विचारलं तेही. ते आधी घाबरले, त्यांना वाटलं केस करते. मी म्हटलं, "नक्को, केस नको. दार लावून विचारा आणि काट्यावर उभं करा. प्रत्येकाला, प्रत्येक वेळी." हे शेजारी बसून ऐकत होते. माझं वजन त्यांना तिथेच पहिल्यांदा कळलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "चौऱ्याण्णव? मला वाटलं शंभर असेल." लग्नाला चौतीस वर्षं झाली, इतकी हसले नव्हते.

आत्या

•

नागपूर
२० मे २०२५

आत्या,

निकाल कळल्यावर मी त्या दिवशी वर्ग घेतला नाही. मुलांना सोडून दिलं आणि कॉलेजच्या आवारात चालत राहिले. आपल्या दोघींना ही खोड एकाच घरातून आली असावी.

मी रागावले आहे ते नशिबावर. माझी भीती खरी ठरावी असं मला एकदाही वाटलं नव्हतं. पण या वेळी सातव्या महिन्यात नाही, दुसऱ्याच महिन्यात कळलं. एकाच जागी असताना कळलं.

किरणांचा उपचार झाला की लगेच स्कॅन करू देऊ नकोस. किरणांनी सूज येते आणि सूजही उजळते. तीन महिने थांबायचं. ते तीन महिने सगळ्यांत वाईट जातील, हे आत्ताच सांगून ठेवते. आणि त्यांना सांग, गाठीची तुलना लिव्हरशीच नको, हृदयातल्या रक्ताशीही करा. रक्तात चरबी भरून ते फिकं पडत नाही. मी तसं लिहून पाठवते.

वृषाली

•

गौलीगुडा
८ ऑक्टोबर २०२५

वृषाली बेटा,

काल फोनवर तुला आकडा सांगितला, पण तू तो तीनदा विचारलास म्हणून लेखी देते. गाठ १.६. हृदयातलं रक्त १.९. लिव्हर अजून फिकंच आहे, गाठ त्याच्याहूनही फिकी. दुसरी पायरी. रिपोर्टची झेरॉक्स सोबत आहे, वजन शहाऐंशी, काट्यावरचं.

तीन महिने तू सांगितलंस तसेच गेले. ऑगस्टमध्ये तर एका आठवड्यात तीन वेळा वाटलं की पाठीत दुखतंय. ह्यांनी रोज रात्री माझ्याशी पत्ते खेळले आणि रोज मुद्दाम हरले. मुद्दाम हरतात हे मला कळतं, हे त्यांना कळत होतं. तरी खेळलो.

डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं दर सहा महिन्यांनी बघू. पूर्ण गेला असं आज म्हणणार नाही. मी म्हटलं, म्हणूच नका. आता मला तेवढंच वाचता येतं जेवढं लिहिलेलं आहे, आणि तेवढं मला पुरतं.

तू काल शेवटी घाईघाईत सांगितलंस की सोमवारी एका रिपोर्टवर सही केलीस. कोणाचा ते सांगितलं नाहीस, ते बरोबर केलंस. पण ते सांगताना तुझा आवाज लहानपणी परीक्षेचा निकाल सांगायचीस तसा झाला होता. मी ह्यांना तसं म्हटलं. ते म्हणाले, पास झाली का? मी म्हटलं, हौ.

दिवाळीला आम्ही दोघं नागपूरला येतोय. चार दिवस राहू. आजाराचा विषय काढणार नाही असं कबूल करत नाही, काढेन. तू मात्र तुझ्या त्या वर्ध्याच्या बाईंचा पत्ता काढून ठेव. तू एकटी जाऊ शकली नाहीस, मला समजतं. माझ्यासोबत चल. मी दारात थांबेन, आत तू जा आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देऊन ये.

तुझी
आत्या